कोलकात्याची सून

धाकट्या भावानं मस्कतमध्ये लग्न केलं, हे आप्पांना मी सांगितलं. भाऊ तिकडं इलेक्ट्रिशियन होता. कामावर हाताला लागलं म्हणून ज्या दवाखान्यात टाके घालायला गेला, तिथं ती नर्स होती. नर्स म्हटल्यावर आप्पांचा चेहरा जरा खुलला. मग मी पुढचं सांगितलं, की ती बांगलादेशची आहे. पायातली चप्पल काढायची राहिली होती ती आप्पांनी काढली, नीट कडेला ठेवली आणि विचारलं, हिंदू हाय का? मी हो म्हटलं. "मग तेवढं बरं," असं म्हणून ते आत गेले.

त्याच संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी चार माणसं बसतात तिथं आप्पांनी सांगून टाकलं की पोरानं बंगाली मुलगी केली, कोलकात्याची हाय. मला न विचारता, भावाला न विचारता. मला ते दुसऱ्या दिवशी समोरच्या घरातल्या काकूंकडून कळलं. त्या म्हणाल्या, कोलकात्याची सून आणताय म्हणं, रसगुल्ले खायाला मिळतील आता. मी हसले. तिथंच मी त्या खोट्यात सामील झाले. खोटं तसं सोपं होतं. कोलकाता आपल्याच देशात आणि बेळगावला लागून असलेल्या पिरनवाडीतल्या आमच्या गल्लीतलं कुणी तिथं गेलेलं नाही.

आमचं घर लहान. आई जाऊन बरीच वर्षं झालेली. नवऱ्याच्या माघारी मी माहेरी परत आले आणि उद्यमबागेतल्या एका कारखान्याच्या ऑफिसात लागले. आप्पाही तिथल्याच एका फाउंड्रीत मोल्डर होते, आता निवृत्त. गुंजीकडं थोडं शेत आहे, तिथं त्यांची ये-जा असायची. पण गल्लीत आप्पांना ओळखायचे ते सीमा चळवळीतला माणूस म्हणून. तरुणपणी त्यांनी लाठी खाल्लेली, कोठडी बघितलेली. सरकारी कचेरीतून कानडी कागद आला की ते तो टेबलावरून परत सरकवायचे आणि मराठीत मागायचे. कानडी त्यांना उत्तम येत असे, बाजारात दुकानदाराशी कानडीत चेष्टामस्करी करायचे. पण कचेरीत गेले की एक अक्षर बोलायचे नाहीत. माणूस कुठला ते त्यानं स्वतः सांगायचं, नकाशानं न्हाय, असं ते म्हणत. लहानपणी त्यांच्या खांद्यावर बसून मी मोर्चे बघितले आहेत. माझ्या मैत्रिणींचे वडील साधे होते, माझे आप्पा कुणीतरी होते.

भाऊ मस्कत सोडून तिला घेऊन आला तेव्हा तिच्या हातात शंखाच्या पांढऱ्या बांगड्या आणि त्यांना लागून लाल बांगड्या होत्या. बायका त्या हातात घेऊन बघायच्या. तिला व म्हणता यायचा नाही. वांगीची बांगी व्हायची, वहिनीची बहिनी. मराठी ती शिकली ती आमच्या गल्लीची. पुस्तकातलं आहे-नाही तिला कधी आलंच नाही, पहिल्यापासून हाय आणि न्हाय. मला ती आक्का म्हणायची. तिच्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, तेव्हा ती घरीच असायची आणि गल्लीतल्या म्हाताऱ्यांचं बीपी बघायची. आप्पांच्या गोळ्या तर तिनं आली त्या महिन्यातच ताब्यात घेतल्या. त्यांनी जेवणात वरून मीठ घेतलं की ती काही न बोलता मिठाची वाटी उचलून आत न्यायची. आप्पाही काही बोलायचे नाहीत. आमच्यापैकी कुणी वाटी उचलली असती तर ताट सरकवून उठले असते.

लग्न होऊन आली म्हणून कुणी लगेच या देशाचं होत नाही. सात वर्षं इथं राहायचं, मग अर्ज करायचा. तोवर व्हिसा वाढवत राहायचा, पोलिसांच्या कचेरीत जाऊन नोंद करायची. भावाला रजा मिळत नसे म्हणून तिच्याबरोबर मीच जायची. स्कूटर काढताना काकू विचारायच्या, कुठं चाललाय दोघी? पहिल्या वेळी माझ्या तोंडून निघून गेलं, डॉक्टरकडं. पुढच्या वेळीही तेच सांगावं लागलं. तिला मूल झालेलं नव्हतं. डॉक्टरकडं कशाला, याचा अर्थ गल्लीनं आपला आपण लावला.

एक दिवस काकू बाटली घेऊन आल्या. खानापूरच्या पुढं कुठंतरी एक औषध देणारी बाई आहे, तिच्याकडं त्या खास एसटीनं जाऊन आल्या होत्या. सकाळी उपाशीपोटी घ्यायचं, कडू लागंल पण सोडायचं न्हाय, असं त्यांनी तिला बजावलं. मी तिच्याकडं बघितलं. ती नर्स. असलं काही तिनं दुसऱ्या कुणाला घेऊ दिलं नसतं. पण नको म्हणायचं तर डॉक्टरची गोष्ट मोडायला लागली असती. काकू समोर बसून होत्या. तिनं झाकणभर ओतलं आणि पिऊन टाकलं. काकूंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. नंतर मी तिला म्हटलं, राहिलेलं मोरीत ओत. तिनं ओतलं, पण काकू आठवड्यानं आल्या तेव्हा आणखी एक बाटली घेऊनच आल्या.

सातवं वर्ष सरत आलं होतं, तेव्हा तिकडं तिच्या गावी, बारिसालला, तिचे वडील गेले. अर्जाच्या आधीचं वर्षभर देश सोडून जायचं नाही, असा नियम होता. ती गेली असती तर तो काळ पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला असता, शिवाय तिकडं सरकार उलथलं होतं, रस्त्यावर जाळपोळ चालली होती, परत येताना अडकली तर काय ही भीती. भाऊ म्हणाला, तू ठरव. ती म्हणाली, ठरवायचं काय त्यात. तिनं अंत्यसंस्कार फोनवर बघितले. स्वयंपाकघरात पाटावर बसून, फोन डब्याला टेकवून. मी मागं उभी होते. चित्र मधेच थांबायचं, मग तिच्या भावाचा चेहरा अर्धवट तोंड उघडलेला तसाच राहायचा.

गल्ली भेटायला आली. आमच्याकडं दुःखात माणसं येतात, चटईवर बसतात, गेलेल्याचं वय विचारतात. काकूंनी विचारलं, जाणार न्हाईस व्हय गं? कोलकात्याला जायला काय, इमानानं दोन तासांत पोचतंय आता. ती खाली बघत राहिली. आप्पा दारात उभे होते. मला वाटलं, आता तरी ते सांगतील. इतक्या माणसांत, अशा वेळी सांगितलं असतं तर कुणी काही बोललं नसतं. पण ते म्हणाले, "तिकीट मिळालं न्हाय." मग कुणीतरी म्हणालं की आजकाल तिकिटं मिळतच नाहीत. दुसऱ्या कुणीतरी सासरच्यांवर दोष ठेवला असावा, कारण जाताना एक बाई माझ्याकडं बघून म्हणाली, लेकीला बापाचं तोंड दाखवायचं हुतं बघा, पैशाकडं बघायचं नव्हतं. मी मान हलवली. कंजूष म्हणवून घेणं आम्हाला परवडलं. खरं बोलणं परवडलं नाही.

अर्ज गेला. आणि मग तो उन्हाळा आला. पश्चिमेच्या सीमेवर लढाई पेटली, टीव्हीवर दिवसरात्र विमानं. बेळगाव म्हणजे लष्कराचं गाव, त्यामुळं आमच्याकडं तर वारंच बदललं. भाऊ मस्कतहून परत आल्यापासून एका ठेकेदाराच्या हाताखाली लष्कराच्या कॅम्पात विजेची कामं करत होता. तिथं आत जायला पास लागायचा. त्या दिवसांत सगळ्यांचे पास नव्यानं तपासले, घरी कोण कोण हे विचारलं. भावानं खरं ते सांगितलं. त्याचा पास परत आला नाही. कुणी त्याला वाकडं बोललं नाही, उलट तिथल्या माणसानं चहा पाजून समजावलं की तुझ्यावर शंका नाही, पण बायको परदेशी आहे, नियम आहे. भाऊ घरी आला आणि पिशवीतून पक्कड, टेस्टर, स्क्रूड्रायव्हर काढून शहाबादी फरशीवर एकेक मांडत बसला. आप्पांनी विचारलं, काय झालं? त्यानं सांगितलं. आप्पा तिच्यासमोरच म्हणाले, हे हुणारच हुतं.

लढाई थांबली, पण बोलणी थांबली नाहीत. आता सगळीकडं घुसखोर शोधायचं चाललं होतं. उद्यमबागेत बाहेरून आलेले कामगार खोल्या घेऊन राहतात, तिथं पोलीस जाऊन आधार कार्डं बघत होते. बंगाली बोलणाऱ्या दोन-तीन पोरांना नेलं आणि ती मालदाची, म्हणजे पश्चिम बंगालमधलीच, निघाली म्हणून सोडलं, असं ऑफिसात कळलं. संध्याकाळी आप्पांचे मित्र आमच्या कट्ट्यावर बसून तेच बोलायचे. ह्या बांगलादेशींना वेचून काढलं पायजे, एकजण म्हणायचा. दुसरा म्हणायचा, ह्यांच्या बायकासुद्धा हेरगिरी करत्यात. ती त्यांना चहा आणून द्यायची. कप ठेवताना तिचा हात जराही हलायचा नाही, तो सुया टोचणारा हात होता. आप्पा म्हणायचे, व्हय, व्हय. एकदा मी आत तिला म्हटलं, तू जाऊ नको, चहा मी नेते. ती म्हणाली, "मी न्हाय गेलो तर इचारतील, सून कुठं हाय." जातो-गेलो असंच ती बोलायची, पुरुषासारखं. कुणी तिला ते सुधारून दिलं नव्हतं.

अर्जाची चौकशी येणार हे कळलं तेव्हा मी आप्पांना म्हटलं की पोलीस शेजाऱ्यांना विचारणार, त्याआधी आपणच काकूंना तरी सांगू या. त्यांना आपल्या तोंडून कळू दे. आप्पा ऐकेनात. मी सांगते म्हटलं तर मला म्हणाले, माझ्या घरात ऱ्हातीस तर माझं ऐक. असं ते मला आयुष्यात कधी बोलले नव्हते. मी काकूंकडं गेले नाही.

चौकशीला आलेला माणूस साध्या कपड्यांत होता, चिक्कोडीकडचा असावा, बोलायला मऊ. रविवारची सकाळ. भाऊ नव्या कामाच्या शोधात बाहेर गेला होता. ती आत कणीक मळत होती. त्यानं बाहेरच खुर्ची घेतली आणि कानडीत विचारायला सुरुवात केली. मला वाटलं, आता आप्पा नेहमीचं सुरू करणार, मराठीत बोला म्हणणार, आणि हा चिडणार. मी मधे पडायच्या तयारीत होते.

आप्पा कानडीत बोलले. हात जोडून, वाकून, अगदी सफाईदार कानडीत. मी त्यांना सरकारी माणसाशी कानडी बोलताना त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. "नमगेनू संबंध इल्ल्रि, साहेब्र," असं ते म्हणाले. आमचा काही संबंध नाही. पोरानं परदेशात परस्पर लग्न केलं, आम्हाला विचारलं नाही. तिचं घराणं कुठलं, माणसं कसली, आम्हाला ठाऊक नाही. अर्ज पोराचा, मी कशालाही जबाबदार नाही. उद्या काही झालं तर माझं नाव यात नको.

तेव्हा मला कळलं की ते कानडीत का बोलले. त्यांना वाटत होतं की तिला कळणार नाही.

पण पोलिसांच्या कचेरीत सात वर्षं बाकावर बसून ती काय करत होती? कानडी ऐकत होती. तिथल्या कारकून बाईशी ती कानडीतच बोलायची, मोडकं, पण चालणारं. हे मला ठाऊक होतं. आप्पांना नव्हतं, कारण ते आमच्याबरोबर कधी आलेच नाहीत.

आतला परातीचा आवाज थांबला. ती बाहेर आली, हाताला कणीक तशीच. तोवर चौकशीचं माणूस आलंय म्हणून गल्लीतले दोघं-चौघं फाटकाशी जमले होते, काकू पुढं होत्या. तिनं आप्पांकडं बघितलं नाही. साहेबाला नमस्कार केला आणि कानडीत सांगितलं की अर्ज माझा आहे, काय विचारायचं ते मला विचारा. त्यानं जन्मगाव विचारलं. बारिसाल, ती म्हणाली. मग फाटकाकडं वळून मराठीत म्हणाली, "बांगलादेश. कोलकाता न्हाय, काकू. मी कोलकाता बघितलं पण न्हाय."

आप्पा खुर्चीचा हात धरून उभे होते. माझी नजर जमिनीवर होती, आणि मला आप्पांचे पाय दिसत होते, भट्टीच्या कामात भाजल्याच्या जुन्या खुणा असलेले. त्या पायांनी मोर्चे चालले होते. मला त्यांची इतकी लाज वाटली की ती लपवायला मी पुढं होऊन साहेबांना पाणी आणते म्हटलं. आत गेले आणि नळ सोडून नुसती उभी राहिले.

साहेबांनी काकूंचा जबाब घेतला तो मी खिडकीतून ऐकला. काकू म्हणाल्या, बाई चांगली हाय. माझ्या सासूला शेवटी तिनंच बघितलं. तिच्याबद्दल वाईट लिहायला माझ्याकडं कायबी न्हाय. मग त्यांनी हेही विचारलं की, ह्या घरच्या माणसांबद्दल पण सांगायचं असतंय काय? साहेब हसले, म्हणाले नको.

तो गेल्यावर काकू आत आल्या. मी स्वयंपाकघरात होते. त्या मला म्हणाल्या, "तिनं ते कडू औषध पिलं माझ्याम्होरं. तू बघत बसलीस." एवढंच. मी काहीतरी बोलायला गेले, पण त्या तिच्याकडं वळल्या होत्या, तिच्या हाताची वाळलेली कणीक खरवडून काढत होत्या. तेव्हापासून काकू आमच्याकडं येतात ते तिच्याशी बोलायला. माझ्याशी नाही, आप्पांशी तर नाहीच.

गल्लीतले सगळेच काही काकू नव्हते. काहींनी बीपी दाखवायला येणं बंद केलं. कट्ट्यावरचे मित्र काही दिवस आले नाहीत, मग आले, आणि क्रिकेटबद्दल बोलू लागले. एकानं आप्पांना एकदा म्हटलं, सांगायचं तरी हुतं, आम्ही तिच्यादेखत काय काय बोललो.

भावाला मी सगळं सांगितलं नाही. तिनंही सांगितलं नाही. त्याला ते काकूंकडूनच कळलं असणार, कारण तो काही दिवस आप्पांच्या बरोबर जेवायला बसत नव्हता. तिनं मात्र आप्पांच्या गोळ्या वेळच्या वेळी दिल्या. फक्त मिठाची वाटी उचलणं सोडलं. आप्पा मीठ घ्यायचे आणि तिच्याकडं बघायचे. ती दुसरीकडं बघायची. पावसाळ्याच्या तोंडाशी आप्पा शेतावर राहतो म्हणून गुंजीला गेले आणि तिथंच राहिले.

मी दर रविवारी रेल्वेनं जाते, आठवड्याच्या गोळ्या देऊन येते. एकदा मी त्यांना विचारलं, का केलं तुम्ही असं? ते आंब्याखाली बाजेवर बसले होते. ते म्हणाले, "माझ्या नावावर आधीच मोर्च्याच्या केसी हुत्या, बाळ. जन्मभर सरकारच्या वहीत वाईट म्हणून ऱ्हायलो. म्हातारपणी आणखी एक नको वाटलं." म्हणजे ते भ्याले होते. मला वाटत होतं की माझे आप्पा भीत नाहीत. त्या क्षणी मला त्यांची दया आली, आणि बापाची दया येणं हे लाज वाटण्यापेक्षाही वाईट असतं.

गेल्या महिन्यात कळलं की अर्ज पुढं सरकलाय. आता आधीचं नागरिकत्व सोडल्याचा दाखला लागणार. त्यासाठी तिला मुंबईला तिच्या देशाच्या कचेरीत जाऊन तिचा पासपोर्ट परत द्यायचा होता. तो दिला की इथला दाखला हातात पडेपर्यंत ती कुठलीच नाही. हे तिनंच मला समजावून सांगितलं, मेथी निवडताना. मी विचारलं, भीती वाटतीया का? ती म्हणाली, बापाच्या वेळी वाटलेली, आता काय. मग म्हणाली, "पासपोर्टात फोटू हाय, लग्नाच्या आधीचा. तो परत देत्यात काय, इचारतो."

भाऊ आणि ती मुंबईच्या बसमध्ये बसली त्या रविवारी मी गुंजीला गेले. आप्पांना सांगितलं, ती पासपोर्ट द्यायला गेलीया. ते हातातल्या विळ्याला धार लावत होते. ऐकलं की नाही कळेना. मी गोळ्यांची पाकिटं फळीवर ठेवली, डबा धुतला, परतीच्या गाडीची वेळ झाली म्हणून पिशवी उचलली. तेव्हा त्यांनी विचारलं, तिला खिडकीची जागा मिळाली का, बसमधी उलटी हुतीया तिला.

मी म्हटलं, मिळाली. ते ठीक म्हणाले आणि पुन्हा विळा घासू लागले. स्टेशनपर्यंत चालत जाताना मला बरं वाटत होतं. गाडी उशिरा होती. फलाटावर बसल्यावर लक्षात आलं की माझ्याजवळ फोन होता, आणि हे तिलाच विचारा म्हणून मी तो त्यांच्या हातात दिला नव्हता.